समुद्र सोडून सगळं

"मी शिडाच्या होड्या चालवायला शिकवतो," असं सांगितलं की पुण्यातला माणूस आधी विचारतो, "कुठे?" मग, "पुण्यात?" आणि मग आवाज जरा खाली आणून, "ते झालं हो, पण नोकरी काय करता?"

हीच नोकरी आहे. भोसरीच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं नट-बोल्टांचे हिशेब केल्यावर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून शहरापासून तास-सव्वा तासावरच्या एका धरणाच्या फुगवट्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये चालणाऱ्या शिडाच्या शाळेत मी शिक्षक आहे. धरणाचं नाव मुद्दामच सांगत नाही. रविवारी तिथे कणसंवाल्यांची आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची आधीच पुरेशी गर्दी असते.

सोसायटीत माझा हुद्दा 'बोटिंगवाले' असा आहे. "नातवंडं आलीत, त्यांना एक राउंड मारून आणाल का?" असं विचारतात. त्यांच्या डोळ्यांसमोर पायाने पॅडल मारायचा तो प्लास्टिकचा राजहंस असतो. शिडाच्या होडीला पॅडल नसतं, इंजिन नसतं आणि वारा नसला तर राउंडही नसतो, असं समजावलं की ते म्हणतात, "मग पैसे कशाचे घेता?"

त्यांचंही चूक नाही. पुण्याचा आणि पाण्यावरच्या वाहनांचा संबंध ऐतिहासिकदृष्ट्या फार सौख्याचा नाही. मराठ्यांचं आरमार थोरल्या महाराजांनी उभं केलं, कान्होजी आंग्र्यांनी वाढवलं, आणि १७५६ साली विजयदुर्गाच्या खाडीत ते इंग्रजांनी जाळलं तेव्हा इंग्रजांना साथ होती पुण्याची. आरमार तेव्हा सांभाळणाऱ्या तुळाजी आंग्र्यांशी पेशव्यांचं जमत नव्हतं. आपसात जमत नाही म्हणून तिसऱ्याला मध्ये घ्यायचं, ही पद्धत आमच्या पेठांतल्या वाड्यांच्या दाव्यांत अजून चालू आहे. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनीच हौसेने केलेलं एक तळं होतं, मध्यभागी बेटावर गणपती. ते तळं आम्ही पुढे आटवलं आणि त्याची सारसबाग केली. गणपतीला अजून 'तळ्यातला' म्हणतो. तळं गेलं, पत्ता राहिला.

पत्त्यावरून आठवलं. बोट क्लब रस्ता हा पुण्यातला भारी पत्ता. तिथला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा आहे. पण त्या रस्त्यावर राहणाऱ्या किती जणांनी आयुष्यात वल्हं हातात धरलंय, हा प्रश्न तिथल्या जेवणावळीत विचारू नये. मी एकदा विचारला. पुन्हा बोलावणं आलं नाही.

गंमत अशी की समुद्र सोडला तर समुद्राचं म्हणून जे जे असतं ते सगळं पुण्याच्या आसपास आहे. खडकवासल्याला एनडीए आहे. तिथली मुलं खडकवासला धरणाच्या तलावात शीड धरायला शिकतात आणि त्यांतली काही पुढे खऱ्या आरमारात जातात. धरणाच्या खालच्या अंगाला १९१६ साली स्थापन झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे मोठमोठ्या शेडमध्ये बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत भरती-ओहोटी आणतात आणि यंत्राने लाटा सोडतात. म्हणजे मुंबईचा समुद्र कसा वागेल हे मुंबईला कळण्याआधी खडकवासल्याच्या एका शेडला कळलेलं असतं, आणि पुण्याने मुंबईला असं काही आधी सांगावं यात पुणेकराला नवल वाटत नाही. लोणावळ्याला १९४५ पासून नौदलाचं आयएनएस शिवाजी आहे. नाव जहाजाचं, मुक्काम सह्याद्रीच्या माथ्यावर. तिथून बाजारात वडापाव खायला जाणारा नौसैनिकही 'किनाऱ्यावर' जातो. आणि वारा? वाऱ्याचं तर मुख्यालयच इथे होतं. १९२८ साली हवामान खातं सिमल्याहून पुण्याला आलं, ते मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला आम्ही अजून सिमला ऑफिसच म्हणतो. तळ्यातल्या गणपतीसारखंच.

तर अशा या गावात, नारायण पेठेत, १९६९ साली माझा जन्म झाला. आई भूगोलाची शिक्षिका. तिने तीसेक वर्षं सहावी-सातवीच्या पोरांना 'खारे वारे आणि मतलई वारे' शिकवले. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर थंड होते म्हणून जमिनीकडून समुद्राकडे जातो, तो मतलई. फळ्यावर डावीकडे निळ्या खडूने समुद्र, उजवीकडे तपकिरी खडूने जमीन, मध्ये बाण. हा धडा ती इतका सुरेख शिकवायची की पोरं शेवटच्या बाकावरून केस उडाल्यासारखी करायची. पण स्वतः ती समुद्राला पाय लावायला कधी उतरली नाही. मुरूडला सहल गेली तेव्हासुद्धा ती वाळूवर पाठ फिरवून पोरांच्या चपला मोजत बसली होती.

कारण १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आई सतरा वर्षांची होती. वाड्याच्या वरच्या मजल्यावरून तिने आपल्याच घरातलं फडताळ अंगणातून दिंडी दरवाजाकडे जाताना पाहिलं. त्यावर ती फार बोलत नाही. एवढंच म्हणते, "पाण्याचा स्वभाव मला माहीत आहे." आमच्या घरात पाणी प्यायचं, तापवायचं, भरून ठेवायचं. त्यावर खेळायचं नाही.

आणि तिनेच मला दहाव्या वर्षी खडकवासल्याच्या चौपाटीवर नेलं. म्हणजे काकाने नेलं, ती कपाळाला आठी घालून सोबत आली. माझ्या हातात तिखट-मीठ लावलेलं कणीस. पलीकडच्या काठाजवळ एनडीएची पाच-सहा शिडं एका रांगेत चालली होती. आवाज नाही, धूर नाही, कुणी वल्हवताना दिसत नाही, आणि तरी चाललीत. मधेच ती सगळी एकदम वळली, जणू कवायतीतल्या पोरांनी मान फिरवली. कणसाचा घास तोंडातच राहिला. "ती कशाने चालतात?" मी विचारलं. "वाऱ्याने," आई म्हणाली, "कणीस संपव." तेव्हापासूनचं हे वेड. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये गेलो, तिथे पहिल्यांदा शीट हातात आली. आईला मी 'परेड आहे' असं सांगायचो. परेडहून पोरगा रोज ओलाचिंब कसा येतो, हे तिने कधी विचारलं नाही. भूगोलाच्या बाईंना ते कळत नसणार असं आता वाटत नाही.

या शीटवरच आमच्या शाळेत पहिला गोंधळ उडतो. होडीवर जे कापड असतं ते शीड. त्या शिडाला ताणायची किंवा सैल सोडायची जी दोरी, तिला इंग्रजांनी नाव दिलं शीट. म्हणजे मी पाण्यावरून ओरडतो, "शीट ओढा, शीट!" आणि विद्यार्थी दोन्ही हातांनी शीड ओढतो. मग म्हणतो, "अहो, दोरीला शीट म्हणायचं आणि शिटाला शीड? हा काय चावटपणा आहे?" मी म्हणतो, चावटपणा इंग्रजांचा आहे. त्यावर तो समाधानाने बसतो. दोष तिसऱ्याचा निघाला की पुणेकर मन लावून शिकतो.

पहिल्या तासाला होडीला हात लावू देत नाही. काठावर उभं करून एकच प्रश्न विचारतो, "वारा कुठून येतोय?" दहापैकी आठ जण खिशातून फोन काढतात. "पश्चिम-वायव्य, ताशी बारा किलोमीटर." फोन खोटं बोलत नाही, पण तो पाषाणचा वारा सांगत असतो. आमचा वारा समोरच्या डोंगराच्या खिंडीतून येतो, टेकडीला वळसा घालतो आणि आमच्या धक्क्यापाशी दर तीन मिनिटांनी मत बदलतो. "डोळे मिटा आणि गालाला विचारा," असं मी सांगतो. एक गाल थंड लागतो तिकडून वारा. आयटीतली माणसं यावर हसतात. त्यांची नऊ-दहा वर्षांची पोरं डोळे मिटून तोंड फिरवतात आणि बरोबर बोट दाखवतात.

पोरांना आम्ही ऑप्टिमिस्टमध्ये बसवतो. ही होडी १९४७ साली अमेरिकेत क्लार्क मिल्स नावाच्या माणसाने पोरांसाठीच काढली. लांबी अडीच मीटरही नाही, नाळ चपटी. आंघोळीच्या घंगाळाला हौसेने शीड लावावं तशी दिसते. पण जगातले कितीतरी मोठे शिडवाले त्या घंगाळातून बाहेर पडलेत. बाप काठावर उभा राहून "अरे, जपून! डावीकडे! डावीकडे!" करत असतो आणि पोरगं नेमकं सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलतं, म्हणजे होडी उजवीकडे जाते. दांडा ज्या बाजूला ढकलाल त्याच्या विरुद्ध बाजूला होडी वळते, हे पोरांना पाच मिनिटांत जमतं. मोठ्यांना लागतात तीन रविवार. कारण पोरं दांड्याकडे बघत नाहीत, पाण्याकडे बघतात. मोठी माणसं दांड्याला पटवून द्यायला बघतात.

मोठ्यांतला माझा सर्वांत लक्षात राहिलेला विद्यार्थी म्हणजे एक निवृत्त बँक अधिकारी. नाव सांगत नाही, त्यांना चालणार नाही. आपण त्यांना आपले मॅनेजरसाहेब म्हणू. पहिल्या दिवशी ते प्लास्टिकच्या पिशवीत वही घेऊन आले. वहीत समासासकट टिपणं होती. बर्नूलीचा सिद्धान्त, शिडाच्या दोन बाजूंच्या हवेच्या वेगातला फरक, सगळं आकृतीसह. अर्जावर 'पोहता येते का?' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : 'होय. टिळक टँक, १९६८. पाठीला डबा बांधून व पुढे विनाडबा.'

"वाऱ्याच्या अगदी समोर होडी जात नाही," मी सांगितलं. "वाऱ्याच्या दोन्ही अंगांना पंचेचाळीस-पंचेचाळीस अंश सोडा. त्या कोनात शिरलात की शीड फडफडतं आणि होडी थांबते."

"म्हणजे नो एंट्री."

"अगदी."

"मग समोर जायचं कसं?"

"नागमोडी. थोडं या बाजूला, वळायचं, थोडं त्या बाजूला. याला टॅक करणं म्हणतात."

"शनिवारवाड्याला जायचं तर शिवाजी रस्त्याने उलटं जाता येत नाही म्हणून बाजीराव रस्ता धरतो, तसं."

मी हे उदाहरण तेव्हापासून माझं म्हणून वापरतो. साहेबांना सांगितलेलं नाही.

टॅक करताना बूम नावाची आडवी दांडी एका बाजूकडून दुसरीकडे येते. त्याआधी सुकाणूवाल्याने ओरडून सांगायचं आणि दोघांनी डोकं खाली घालायचं, असा नियम आहे. मॅनेजरसाहेब ओरडून सांगायचे, खणखणीत. पण डोकं खाली घालायचे नाहीत. तीनदा लागली. चौथ्यांदा मी म्हटलं, "साहेब, वाका." ते म्हणाले, "अहो, मी तिला आधी सूचना दिली होती."

मग वाऱ्याच्या दिशेचा धडा. बहुतेकांना वाटतं, वारा पाठीमागून आला की होडी सर्वांत जोरात पळत असेल. तसं नाही. पाठीमागून वारा असला की शीड नुसतं ढकललं जातं, होडी जास्तीत जास्त वाऱ्याइतकी, म्हणजे खरं तर त्याहून कमीच पळते. वारा आडवा आला की मात्र शीड पंखासारखं काम करतं आणि होडी झेप घेते. हे सांगितल्यावर मॅनेजरसाहेब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी पाठीमागून ढकललं नाही. आडवेच आले. तरी रिजनल मॅनेजर झालो." त्यांनी ते वहीत लिहिलं.

पाण्यावर वाहतुकीचे नियम असतात हे ऐकून पुणेकराचा चेहरा पडतो. त्याला वाटलेलं असतं, निदान इथे तरी नसतील. दोन होड्या समोरासमोर आल्या तर जिच्या उजव्या अंगाने वारा येतोय तिचा हक्क पहिला. तिने 'स्टारबोर्ड!' म्हणून आवाज द्यायचा, दुसरीने वाट द्यायची. एके शनिवारी मॅनेजरसाहेबांची एंटरप्राइज, म्हणजे निळ्या शिडाची दोन माणसांची होडी, आणि हिंजवडीत काम करणाऱ्या एका बाईंची तशीच दुसरी एंटरप्राइज, भल्या थोरल्या धरणात नेमक्या एकमेकींच्या रेषेत आल्या. एवढं पाणी मोकळं असताना या दोघांना भेटायला एकच जागा सापडावी हे फक्त आमच्या गावात होतं.

"स्टारबोर्ड!" बाई ओरडल्या.

"मी आधी आलोय," साहेब म्हणाले.

"काका, तुमचा वारा डावीकडून आहे!"

"वाऱ्याचं मला सांगू नका, मी सकाळी सहापासून इथे आहे!"

पुढचं 'खट्ट' मला रेस्क्यू बोटीतून ऐकू आलं. कुणाला लागलं नाही, फायबरचा एक टवका गेला. मी पोचलो तेव्हा दोघं एकमेकांच्या होडीला धरून, फुगवट्याच्या मधोमध, चूक कुणाची यावर बोलत होते. वाऱ्याने त्यांना पाऊण तासात पलीकडच्या गावाला नेलं. परत ओढून आणताना दोघं माझ्या होडीत शेजारी शेजारी बसून नियमावलीची प्रत मागत होते.

शेवटचा मोठा धडा उलटण्याचा. होडी उलटणार हे गृहीतच असतं, म्हणून आम्ही ती मुद्दाम उलटवतो आणि मधल्या फळीवर उभं राहून परत सरळ करायला शिकवतो. लाइफ जॅकेटच्या पट्ट्या मी स्वतः ओढून बघतो. साहेबांनी चष्म्याला दोरी बांधली होती. होडी कलली, शीड पाण्यावर आडवं झालं, साहेब दिसेनासे झाले, आणि दोन सेकंदांनी नारिंगी जॅकेटसकट वर आले. चष्मा जागेवर, भांग जागेवर. त्यांनी चूळ थुंकली आणि शांतपणे म्हणाले, "नोंद करून ठेवा. मी पडलो नाही. होडी पडली."

जागतिक पातळीवरचे प्रश्नही येतात. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई' नावाच्या शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. ही होडीही गोव्यात दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच होडीतून कुठेही न थांबता फिरून आले. हे मी नव्या तुकडीला उत्साहाने सांगतो. त्यावर हमखास एक हात वर होतो. "एकट्याने म्हणजे, स्वयंपाक?" दुसरा हात वर होतो. "दांडेकर, दोंदे. मग आपलेच की!" आणि एकदा एका आजोबांनी विचारलं, "पण परत तिथेच यायचं होतं, तर गेले कशाला?" या प्रश्नावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

आमच्या शाळेचा धक्का जागेवर नसतो, हे नव्या पाहुण्यांना कळत नाही. ऑगस्टमध्ये पाणी शेडच्या पायरीला लागतं, मे महिन्यात तेच पाणी अर्धा किलोमीटर खाली गेलेलं असतं आणि होड्या खांद्यावर घेऊन भेगाळलेल्या चिखलातून जावं लागतं. पुण्यात जुलै उजाडला की माणसं 'कसे आहात' विचारत नाहीत, 'किती टीएमसी झालं' विचारतात, म्हणजे धरणांत पाणी किती साठलं ते. पानशेत साडेदहा, वरसगाव पावणेतेरा, टेमघर पावणेचार, खडकवासला दोनला थोडं कमी, हे आकडे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. माझ्याकडे मात्र लोक वेगळ्याच आदराने बघतात. "तुम्ही आतल्या गोटातले. आवर्तन कधी सुटणार?" कालव्याला आवर्तन सुटलं की एका रात्रीत आमचा धक्का उताणा पडतो, एवढंच मला कळतं. पण ते सांगितलं तर मान जाते. म्हणून मी नुसतं म्हणतो, "बघू, वरून काय येतंय."

आमच्याकडचा वारा हिवाळ्यात सकाळी जवळजवळ नसतोच. पाणी इस्त्री केल्यासारखं पडलेलं असतं. खरा वारा उन्हाळ्यात, आणि तोही दुपारी जेवणं झाल्यावर. पश्चिमेकडून घाट चढून येतो आणि एक ते चार मन लावून वाहतो. पुणेकर झोपलेला असताना आपलं काम उरकून घेणारा हा एकटाच.

गेल्या एप्रिलमध्ये आई म्हणाली, "मला दाखव तुझी शाळा." एक्याऐंशी वर्षांची. मला वाटलं, शेडमध्ये खुर्ची टाकून बसेल, पोरांच्या चपला मोजेल. ती धक्क्यावर आली, होड्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "मोठी कुठली?" एंटरप्राइजमध्ये मी तिला बसवलं. पातळावर नारिंगी जॅकेट, पदर कमरेला खोचलेला, मांडीवर चिवड्याचा डबा. हात होडीच्या कडेला इतका घट्ट की बोटांची पेरं पांढरी. रेस्क्यू बोट दहा हातांवर ठेवली होती. ती तिने लांब पाठवली. "तिचा आवाज येतोय," म्हणाली.

फुगवट्याच्या मध्यावर गेलो आणि वारा पडला. शीड लोंबलं. पावणेएकची वेळ.

"आता काय?"

"आता वाट बघायची."

"किती?"

"येईपर्यंत."

तिने डबा उघडला. आम्ही चिवडा खाल्ला. ती पाण्याकडे बघत होती, पण पाठ फिरवून नव्हे. एक दाणा पाण्यात पडला, त्याची वर्तुळं पार लांब जाईपर्यंत ती बघत राहिली. मग अचानक म्हणाली, "फडताळात माझी भूगोलाची वही होती. मॅट्रिकची." मी काहीच बोललो नाही. तिने झाकण लावलं.

पलीकडे खिंडीच्या बाजूला पाणी काळपट दिसायला लागलं. ती काळी रेघ आमच्याकडे सरकत आली आणि माझा डावा गाल थंड झाला. आईने मान त्याच बाजूला वळवली. तिने डोळे मिटले होते. मी तिला सांगितलेलं नव्हतं.

"खारा की मतलई?" तिने विचारलं, अगदी वर्गात विचारावं तसं.

"दुपारचा आहे, पश्चिमेचा आहे. तूच सांग."

तिने ओठांवरून जीभ फिरवली, चव घेतली आणि नापास केल्यासारखा चेहरा केला.

"अळणी," ती म्हणाली. "ओढ आता ती तुझी दोरी. नुसता बसून काय राहिलायस?"